पाठीमागे फेकलेले तांदूळ

निघताना आईने हातावर दही ठेवलं. मी ते चाटलं, हात पँटला पुसला म्हणून बोलणी खाल्ली, आणि "येतो गं आये" म्हणून गडग्याच्या (जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या) बाहेर पडलो. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत आणि निघालेल्यानेही मागे वळून बघायचं नसतं. आई गडग्याला टेकून उभी असते एवढं मला ठाऊक आहे, पण ते नुसतं ठाऊक. बघितलेलं कधीच नाही.

हातखंब्याच्या तिठ्यावर रिक्षा मिळाली. शिमगा तोंडावर आला होता. मुंबईहून आलेल्या गाड्या तिठ्यावर थांबत होत्या, माणसं पोरंबाळं घेऊन उतरत होती, आणि मी एकटा डाव्या खांद्याला बॅग अडकवून उलट्या दिशेला. रिक्षावाला आमच्या बाजूच्या वाडीतलाच. त्याने आरशातून माझ्याकडे बघून घेतलं.

"शिमग्याला सगळी येतायत, नि तू चाललास कुटं?"

"मुनस्यारीला."

"ती कुटं आली?"

म्हटलं, वरती, हिमालयात. पलीकडे तिबेट, बाजूला नेपाळ.

"मग तितं काय काम?"

"लगीन हाय."

"कोणाचं, तुजं?" तो म्हणाला, आणि स्वतःच स्टेशन येईपर्यंत हसत राहिला.

मी लग्नाचे फोटो काढतो. नववीत शाळा सुटली. वडील आंब्याच्या बागेत पेट्या उचलायचे, ते गेल्यावर घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. चिपळूणला अण्णांचा स्टुडिओ होता, तिथे लागलो. सुरुवातीची काही वर्षं लग्नात लाईट धरून उभं राहायचं एवढंच काम. नवरीच्या तोंडावर उजेड बरोबर पडला पाहिजे, सावली नाकाच्या कुठल्या बाजूला गेली पाहिजे, हे मी अण्णांचे टोमणे ऐकून शिकलो. कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. म्हणून अण्णांनी लाकडी पेटी करून घेतली होती, तिच्यात दिवसरात्र एक बारका बल्ब जळायचा, आणि काम संपलं की कॅमेरे त्या उबेत झोपायचे. पावसातून आलास की आधी कॅमेरा उबेला, मग तुझं डोकं पूस, हे अण्णांनी माझ्या अंगात इतकं भिनवलं होतं की पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

चिपळूणला पूर आला तेव्हा स्टुडिओ गेला. पाणी उतरल्यावर बायका चिखलाने भरलेले अल्बम घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. एक पान दुसऱ्याला चिकटलेलं, सोडवायला गेलं की नवरीचा चेहरा नवऱ्याच्या पानावर निघून यायचा. अण्णांकडे निगेटिव्ह होत्या, त्याही गेल्या. त्यांनी परत दुकान उघडलं नाही. पण मला वाऱ्यावर सोडलं नाही. हल्द्वानीला (उत्तराखंडात, डोंगर सुरू होतात तिथलं शहर) त्यांच्या ओळखीचे एक जण होते, डोंगरातल्या लग्नांचे फोटो काढायची कंपनी चालवणारे. अण्णांनी त्यांना फोन केला, माझ्यासाठी शब्द टाकला. आज मी जे दोन घास खातो ते त्या फोनचे. तेव्हापासून मी तिकडे असतो. गणपतीला आणि मध्ये जमेल तसा घरी येतो. एक खोड मात्र पुराने लावली: काढलेला फोटो दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि त्यातली एक जागा माझा स्वतःचा खिसा.

दिल्ली आली, गेली. काठगोदामच्या गाडीतून पहाटे उतरलो तर विकी कंपनीची गाडी घेऊन हजर होता. विकी हल्द्वानीचाच, व्हिडिओ आणि ड्रोन त्याच्याकडे. जीभ सैल, मन चांगलं. डोंगराच्या वळणांवर मला गाडी लागते हे त्याला माहीत असल्याने त्याने आधीच पिशव्या आणून ठेवल्या होत्या. अल्मोडा येईपर्यंत मी दोन वापरल्या. "तुझा समुद्र हलतो तेव्हा चालतं, आमचा रस्ता जरा वळला की झालं," म्हणून तो चिडवत राहिला. मी कधी बोटीवर पाऊल ठेवलेलं नाही, रत्नागिरीचे असूनही आम्ही आतल्या वाडीतले, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याच्या लेखी रत्नागिरी म्हणजे पाणी आणि त्यात मी.

वाटेत एका टपरीवर आलू के गुटके खाल्ले. बटाट्याच्या फोडी, धणे आणि लाल मिरचीत परतलेल्या, सोबत मोहरी वाटून घातलेलं काकडीचं रायतं. ते नाकात चढतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि मळमळ एकदम थांबली. पुढे थल गाव, नदी, मग बिर्थीचा धबधबा, एवढा उंच की पाणी खाली पोचेपर्यंत त्याचा धूर होतो. त्यानंतर रस्ता जो चढायला लागला तो चढतच राहिला. तिकडे कामाला जायच्या आधी मी चढलेला सगळ्यांत मोठा घाट म्हणजे पोफळीच्या कॉलनीतल्या एका लग्नानंतर वऱ्हाडाच्या टेम्पोतून पाहिलेला कुंभार्ली. तेव्हा वाटलं होतं, ह्याच्या वर काही नसेल.

कालामुनीच्या खिंडीत देवीचं देऊळ आहे, नवसाच्या घंटा टांगलेल्या. विकीने गाडी थांबवली. दोघांनी घंटा वाजवली. मी मनातल्या मनात आपल्या ग्रामदेवतेलाही गाऱ्हाणं घातलं, बाय माझे, परक्या मुलखात आहे, हात नीट चालू दे. डोळे उघडले तर समोर पंचाचूली. पाच शिखरं, एकाला एक लागून, संध्याकाळच्या उन्हात तापलेल्या तव्यासारखी लाल. इथले लोक सांगतात की पांडव स्वर्गाला निघाले, त्याआधी द्रौपदीने शेवटचा स्वयंपाक केला, त्या ह्या पाच चुली. एवढी मोठी कथा, पण मला त्यातली एकच गोष्ट लागली. निघायच्या आधी बाईने चूल पेटवली आणि सगळ्यांना जेवायला घातलं. माझ्या डब्यात आईने दिलेले तांदळाचे घावणे अजून होते. शिळे, कडक. ते मी तिथे उभा राहून खाल्ले.

लग्नाचं घर मुनस्यारीच्या खाली उतारावर. दगडी भिंती, पाटीच्या दगडांचं छप्पर, आणि नक्षीचं लाकडी दार इतकं बुटकं की आत जाणाऱ्याने नमस्कार केल्याशिवाय सुटका नाही. नवरी हेमा. दिल्लीत नोकरी करते, नवराही तिथलाच, मूळ पिथौरागढचा. आमची कंपनी त्यानेच ठरवली होती. हेमाचे वडील ती लहान असताना गेले. घरात तिची ईजा (आई) आणि काका. बोलणं सगळं हिंदीत, मध्ये मध्ये कुमाऊनी. मी ते इथे आपल्या भाषेत लिहितो.

ह्या काकांची एक गंमत होती. घरातल्या मोठ्या खोलीत बुखारी (लाकडं घालून पेटवायची लोखंडी शेगडी) धडधडत असायची. काका बाहेरच्या थंडीतून आत आले की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि त्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. मग ते दारातच उभं राहून हात जोडून सगळ्या दिशांना हसत राहायचे, कारण खोलीत पाहुणा कोण आणि घरचा कोण ते कळायला मार्ग नाही. एकदा त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईलाही "आओ, बैठो" केलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. तेव्हा हसण्याऐवजी जरा विचार केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सुवाल पथाई होती. म्हणजे लग्नाच्या आधी घरच्या आणि शेजारच्या बायका जमून पातळ पापडासारखे सुवाल लाटतात आणि चादरीवर उन्हात वाळवतात. म्हाताऱ्या बायका एका सुरात गाणी म्हणत होत्या, त्यांत सगळ्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आमंत्रण असतं. त्याच वेळी लाडवाच्या पिठाचे दोन बाहुले करतात, समधी आणि समधन, म्हणजे व्याही आणि विहीण. हे बाहुले सासरी पाठवायचे असतात. व्याह्याला कापसाच्या मिशा लावल्या, तोंडात काडीची सिगारेट. विहिणीला एक जण नाक लावत होती, दुसरी म्हणाली, अजून लांब, मी तिला बघितलंय. तिसरीने पोट वाढवलं. मी फोटो काढायला लागलो तर सगळ्यांनी मला बजावलं, फेरे होईपर्यंत हे त्या बाजूला दाखवायचं नाही. आपल्याकडे रुखवतात विहिणीला टोमणे मारायची हौस असते, तीच ही. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आणि घरच्यासारखं वाटलं की मला घराची आठवण जास्त येते. अंगण गेरूने सारवलेलं होतं. तांबडं. रंगाने अगदी आमच्या वाडीतली जमीन. मी तिथे बूट काढून उभा राहिलो. गार पडले पाय, पण राहिलो.

ईजांनी मला बाजूला बोलावलं. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, जेवणाचं विचारतील.

"च्यला (लेका), तुझ्या मालकाचा फोन येतो, तो पहाडच पहाड म्हणत असतो," त्या म्हणाल्या. "पहाड कुठे जात नाही. मला एक फोटो दे, बाकी तुम्ही काय ते करा."

मी विचारलं, कुठला.

त्यांनी जे सांगितलं ते मी नीट लिहितो. सासरी निघताना नवरी दारात उभी राहते, माहेराकडे पाठ करून. ओंजळीत तांदूळ घेते आणि डोक्यावरून मागे फेकते, तीनदा. आई मागे पदर पसरून उभी असते, ते झेलते. मुलीने जे खाल्लं ते ती घराला परत करते, घर भरलेलं राहो म्हणते. फेकताना तिने मागे बघायचं नाही. आणि मग ती तशीच निघून जाते.

"माझ्या आईनेही माझी पाठच बघितली," ईजा म्हणाल्या. "ती वेळ आली की मुलीचा चेहरा कसा होतो, हे जगात सगळ्यांना दिसतं. फक्त आईला दिसत नाही. तू पुढे उभा राहशील ना?"

मी म्हटलं, राहीन. मानही दोनदा हलवली.

विकीला सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे, पुढे उभं राहायचं आणि दाबायचं, एवढा घाबरतोस काय. पण मी घाबरणाराच माणूस. दारात जाऊन उजेड बघून आलो. दोन कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या भरून ठेवल्या. हेमाला विचारून ठेवलं की तांदूळ कुठल्या हाताने. "दोन्ही हातांनी, दाज्यू (दादा)," ती हसली. "परीक्षा तुमची आहे की माझी?"

मालकांचा जीव पंचाचूलीत अडकला होता, आणि पंचाचूली ढगांत. ते दर थोड्या वेळाने फोन करून विचारायचे, दिसतंय का. जसं काही मीच पडदा धरून उभा होतो. वरात आली, ढोल आणि तलवारी घेतलेले छलिया नाचले, भटाची (काळ्या सोयाबीनची) आमटी आणि भांगेच्या बियांची चटणी घालून जेवणं झाली. फेरे रात्रीच असतात, तेही पार पडले. हेमाच्या अंगावर पिछौडा, म्हणजे लाल ठिपक्यांची पिवळी ओढणी. सगळे फोटो छान आले. मी दोन ठिकाणी ठेवलेही.

सकाळी दार उघडलं तर सगळं पांढरं. आजवरची माझी लग्नं खालच्या डोंगरांतली, बर्फ हा पहिलाच. अंगण नाही, पायऱ्या नाहीत, विहिणीच्या नाकाची मस्करी झालेली ती जागाही नाही. अजून पडतच होतं, आवाज न करता. पाऊस पडताना सांगून पडतो. हे म्हणजे कोणीतरी न सांगता घरात येऊन बसल्यासारखं.

मालकांचा फोन लगेच. बर्फ म्हणजे नशीब उघडलं, आधी नवरा-नवरीला बाहेर घे, पिवळी ओढणी, पांढरा बर्फ, बाकी सगळं नंतर. दोघंही तयार. हेमाने सँडलमध्ये लोकरी मोजे घातले होते, ते फोटोत येऊ नयेत म्हणून मी बर्फ तिच्या पावलांवर ओढत होतो आणि ती किंचाळत होती. माझी बोटं लाकडाची झाली. फोन खिशात थंडीने बंद पडला. एक कॅमेरा विकीला दिला, कारण ड्रोन उडत नव्हता आणि विकी रिकामा बसला होता. तेवढ्यात काका पळत आले. गाड्यांचे ड्रायव्हर म्हणत होते, आत्ता निघा, नाहीतर कालामुनी बंद होईल. विदाई लगेच, आणि बर्फामुळे बाहेरच्या दारात न करता आतच, मोठ्या खोलीच्या उंबरठ्यावर.

विकी व्हिडिओसाठी गाड्यांकडे गेला. मी घरात शिरलो. मोठ्या खोलीच्या बाहेर अरुंद बोळ आहे, तिथे एकच माणूस उभा राहू शकतो. सगळे बोळात गर्दी करून होते, हातात फोन घेऊन. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "फोटोवाल्या दाज्यूंना जागा द्या," म्हणाले. लोक एकमेकांना ढकलत, मला वाट देत अंगणात गेले. माझ्यासाठी एवढ्या माणसांनी जागा सोडली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

कॅमेऱ्यावर बर्फाचे थेंब. हेमा अजून खोलीत बायकांच्या गळ्यात पडत होती. वेळ होता. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी जे करायचं तेच केलं. सरळ बुखारीशी गेलो आणि कॅमेरा उबेला धरला.

परत बोळात येऊन डोळा लावला तर समोर दूध.

पुसलं. परत दूध. मफलरने पुसलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, फुंकर मारली, ती तर अजून वाईट. गारठलेल्या काचेवर आतल्या हवेचा घाम धरला होता, बाहेरून आणि आतूनही. काकांचा चष्मा. तो आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आला. उंबरठ्यावर हेमा येऊन उभी राहिली. मागे ईजा, पदर पसरलेला. ईजांनी हेमाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, मी आहे ना जागेवर, म्हणून. मी होतो.

मी बटण दाबत राहिलो, मध्येच परत मफलरने घासत राहिलो. नंतर कॅमेरा खाली घेतला, आणि नुसता बघत राहिलो.

सगळं संपायला फार वेळ लागत नाही. ती माझ्या बाजूने बोळातून बाहेर गेली, ढोल वाजला, बायका रडल्या, गाड्या बर्फात घसरत गेल्या. विकीने लांबून ओरडून विचारलं, मिळालं ना? मी मान हलवली. कुठल्या दिशेने ते मलाच कळलं नाही.

वरात खिंड ओलांडून गेली आणि मागे रस्ता बंद झाला. आम्ही दोघं त्या घरात अडकलो. कॅमेरा एव्हाना स्वच्छ होता, जसं काही झालंच नव्हतं. दुपारी घर रिकामं होत गेलं. शेजारणी भांडी घेऊन गेल्या, काका पडल्या पडल्या झोपले. मला पळून जायला रस्ताच नव्हता, म्हणून मी ईजांसमोर जाऊन बसलो. त्या बुखारीशी होत्या. झेललेले तांदूळ पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेले.

"दाखव," त्या म्हणाल्या.

मी दाखवलं. पांढरं, त्यात एक पिवळा डाग.

"बर्फ आहे?"

मी सांगितलं, बर्फ नाही, वाफ. कॅमेरा गरमीला आणला, ती माझी चूक. बाकीचे सगळे फोटो चांगले आहेत, ते सांगण्यात काही अर्थ नव्हता, तरी तेही सांगितलं. त्या बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत राहिल्या. बोटाने एकदा पुसूनही बघितलं.

मग म्हणाल्या, "तू तर तिथे उभा होतास. तुझ्या डोळ्यांवर वाफ नव्हती ना?"

"नव्हती."

"मग सांग."

मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायचं, बोलणारे दुसरे. त्यात हिंदी माझी अशी. पण मी सांगितलं, जसं दिसलं तसं, एकही गोष्ट पदरची न घालता. पहिल्या वेळी तिने डोळे गच्च मिटले होते, कडू औषध घेताना पोरं मिटतात तसे. रडत नव्हती. दुसऱ्या वेळी डोळे उघडले तर समोर मी मफलरने कॅमेरा घासतोय, तिला हसू यायला लागलं, ते तिने ओठ चावून दाबलं आणि तेव्हा डोळे भरले. हसण्याने की कशाने, ते मला नाही सांगता येणार.

"आणि तिसऱ्या वेळी?"

इथे मी अडलो. कारण हेमाला कळलं होतं की मी बघितलंय, आणि जाताना तिने मला मानेने नाही, नाही असं केलं होतं. पण समोर आई होती.

"तिसऱ्या वेळी दोन्ही हात वर गेले," मी म्हटलं. "उजवा उघडला. डावा तसाच खाली आला, मूठ बंद. सगळे नाही फेकले तिने. थोडे ठेवले. पिछौड्यात खुपसले आणि इकडेतिकडे बघितलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून."

 पदराची गाठ ईजांनी हातात घेतली, जरा तोलून बघितल्यासारखी केली.

"चोर," त्या म्हणाल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला कळेना की उठून पाणी आणू की काय, तर त्या हसत होत्या. "लहानपणीही असंच. मी तांदूळ निवडायला बसले की एक मूठ खिशात. चिमण्यांना घालायची. विचारलं की म्हणायची, मी नाही." पदराने डोळे पुसले. "सगळं परत नाही केलंन. म्हणजे येईल ती."

एवढंच म्हणाल्या आणि बुखारीत लाकूड सरकवलं. मग मला जेवायला वाढलं. साधा भात आणि भटाची आमटी. त्या भाताला आमच्या उकड्या भाताची चव नव्हती, पण मी दोनदा मागून घेतला, आणि मला वाढताना त्या परत एकदा स्वतःशीच हसल्या.

रस्ता उघडल्यावर आम्ही निघालो. त्या दिवशी, सगळं काम संपल्यावर, पंचाचूली लख्ख उघडी. पाचही. मालकांना पाठवायला विकीने फोटो काढला. मी गाडीत बसून राहिलो. विदाईचा फोटो नाही हे कळल्यावर मालक माझ्यावर ओरडतील हे मला माहीत होतं, आणि ओरडलेही. पण कामावरून काढलं नाही, उलट घरी जाऊन ये म्हणाले. त्यांचेही उपकारच.

रेल्वेत असताना हेमाचा दिल्लीहून फोन आला. "ईजा मला फोनवर चोर म्हणाली," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, दाज्यू?" मी हो म्हटलं. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि तेवढ्यात बोगदा आला.

घरी पोचलो तर शिमगा होऊन गेला होता. पालखी आमच्या दारात नाचून गेली, मी नव्हतो. आईने देवीच्या प्रसादाचा नारळ माझ्यासाठी ठेवला होता. मी तिला फोनवर फोटो दाखवले. बर्फ बघून ती म्हणाली, मीठ सांडल्यासारखं दिसतंय. नवरी आवडली. मग विचारलं, पोरीची आवस (आई) कुटं हाय? मी शोधत गेलो. एका फोटोत तिचा हात होता, एकात पदर. बाकी कुठेच नाही. तेव्हा मग तिला सगळं सांगितलं, तांदळाचं.

ती सोलं (कोकमाची आमसुलं) उन्हात पालथी करत होती. हात थांबले नाहीत.

मी विचारलं, "आये, मी जातो तेव्हा तुला काय दिसतं?"

"पाठ दिसते. दुसरं काय दिसायचं?" ती म्हणाली. दोन-चार सोलं उलटून झाल्यावर, "डावा खांदा पाडून चालतोस. तुझा बापूस पेटी उचलून चालायचा तसा. पार तिठ्यापावत कळतोस, किती पण गर्दी असू दे."

मला हे कधीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपण मागे बघत नाही, म्हणजे मागे काही उरत नाही.

ह्या खेपेला निघालो तेव्हा बॅग मुद्दाम उजव्या खांद्याला अडकवली, नीट, सरळ चालावं म्हणून. गडग्याच्या बाहेर पडलो. मागे बघितलं नाही. पायवाटेच्या वळणापर्यंत गेलो, तिथे थांबलो, आणि बॅग परत डाव्या खांद्यावर घेतली.